शनिवारी क्लब हाऊसमध्ये कुठला पिक्चर लावायचा?

ए-१०१ (सेक्रेटरी): नमस्कार मंडळी. गणपतीत शनिवारी रात्री ८ ला क्लब हाऊसमध्ये पडदा लावतोय. पोरांना अ‍ॅक्शन पिक्चर हवाय. मी म्हणतो रजनीकांतचा जेलर लावू, हिंदी डबिंग आहे. हरकत असेल तर आजच सांगा, मागाहून नको.

बी-४०३: काका प्लीज नको. रजनी सर मोठेच आहेत पण सत्तरी ओलांडलेला माणूस वीस-वीस गुंड उडवतोय हे आता पटतच नाही. एखादा तरुण हिरोचा लावा ना

ए-२०४: दादा तू जेलर बघितलायस का? त्यात तो आजोबाच आहे रे. रिटायर झालेला जेलर, नातवाचे यूट्यूबचे व्हिडिओ काढतो, पोलिसात असलेला मुलगा गायब होतो आणि मग हा उठतो. आणि मारामारी बरीचशी त्याची जुनी माणसंच करतात, हा नुसता चष्मा लावून बसलेला असतो आणि तेवढ्यानेच समोरच्याचं पाणी पाणी होतं. २०२३ ला आला तेव्हा ७२ वर्षांचे होते ते, आणि वय कुठेही लपवलेलं नाही, मला तेच आवडलं

बी-१०२ (आजोबा): मी एसटीत कंडक्टर होतो. हा माणूस बंगलोरला बस कंडक्टर होता, मूळ नाव शिवाजीराव गायकवाड, मराठी घरातला. आमच्या डेपोत त्याचं नाव निघालं की सगळ्यांची मान ताठ व्हायची. बाळा, वय झालं म्हणून त्याने घरी बसावं असं का वाटतं तुला?

बी-४०३: आजोबा घरी बसा म्हणत नाहीये मी, काम करूच देत. पण साठीला टेकलेला हिरो आणि समोर तिशीची पण नसलेली हिरोईन, ते खटकतं. सिकंदरमध्ये सलमान आणि रश्मिका, सरळ ३० वर्षांचं अंतर

ए-३०२: +१. यावर मी दादाच्या बाजूने. आणि बायकांचं काय हो? चाळिशी झाली की हिरोईनची आई नाहीतर वहिनी. कमल हासनच्या विक्रममध्ये ती घरकाम करणारी बाई आठवते का, सगळा पिक्चरभर गप्प असते आणि घरावर हल्ला झाला की एकदम एजंट टीना निघते, काय मारते एकेकाला!! थिएटरमध्ये शिट्ट्या पडल्या होत्या. करणारी वसंती म्हणून आहे, कितीतरी वर्षं डान्स मास्तरांच्या हाताखाली काम केलेली. एवढा एक सीन लोकांनी डोक्यावर घेतला तर मग अख्खा पिक्चर का नाही देत अशा बाईला

ए-२०४: ताई अगदी मनातलं बोललात. विक्रममध्ये पण कमल हासन आजोबाच, ६७ वर्षांचे होते. नातवाला हृदयाचा त्रास, मोठा आवाज चालत नाही, त्या तान्ह्या बाळाला जपत मारामारी. वय आहे म्हणून तर त्या सीनमध्ये जीव अडकतो आपला. तिशीतला हिरो असता तर भीतीच वाटली नसती

ए-५०१ (डॉक्टर): हाडांचा डॉक्टर म्हणून थोडं बोलतो. पन्नाशीनंतर स्नायू कमी होत जातात, दुखापत भरून यायला जास्त वेळ लागतो, कितीही जिम करा. टॉम क्रूझने २०१७ ला लंडनमध्ये एका छतावरून दुसऱ्यावर उडी मारताना घोटा मोडून घेतला, तेव्हा तो ५५ चा होता. तसाच उठून लंगडत पुढे गेला, शॉट पिक्चरमध्ये ठेवलाय, शूटिंग मात्र बरेच आठवडे बंद. त्याच्यामागे ट्रेनर, फिजिओ, अख्खी टीम असते. आपल्या मंडळींनी हे बघून एकदम वजनं उचलायला जाऊ नका, माझ्याकडे असे पेशंट नेहमी येतात.

बी-२०१: माझा भाऊ गोरेगावला फिल्मसिटीत लाईटवर आहे. तो सांगतो लांबून आणि पाठीमागून दिसतो तो डुप्लिकेट, हिरो फक्त क्लोजअपला, हार्नेसच्या वायरी नंतर कॉम्प्युटरवर पुसतात. पूर्वी चेहरा दिसू नये म्हणून जपायला लागायचं, आता हिरोचा चेहराच चिकटवतात. म्हणजे पडणार हा पोरगा, आणि तो दिसणार पण नाही. मला याचं फार वाईट वाटतं. हिरो ३० चा असो की ७० चा, फाईट मास्टर आणि त्याच्या पोरांची नावं सुरुवातीला मोठ्या अक्षरात आली पाहिजेत. ऑस्करवाल्यांनी आत्ता कुठे स्टंटला वेगळं बक्षीस ठेवलंय, ते पण २०२८ पासून

बी-४०३: हे माहीत नव्हतं दादा. बरोबर आहे

बी-४०३: आणि कॉम्प्युटरवरून आठवलं, हॅरिसन फोर्डला इंडियाना जोन्समध्ये तरुण केलाय तो सुरुवातीचा १९४४ चा भाग, चेहरा पस्तिशीचा आणि आवाज ऐंशीचा, मला तर बघवेना. पुढे तोच थकलेला प्रोफेसर म्हणून येतो तेव्हा कुठे बरं वाटलं. म्हणजे माझं भांडण वयाशी नाहीच बहुतेक, वय पुसून टाकतात त्याच्याशी आहे

ए-२०४: तेच तर म्हणतेय मी मघापासून

ए-३०२: सेक्रेटरी काका एक महत्त्वाचं, जेलरमध्ये मुंडकी उडवलेली दाखवलीयेत, यूए आहे. पहिली-दुसरीतल्या पोरांना नको प्लीज. त्यांना संध्याकाळी ४ ला वेगळं काहीतरी लावा

ए-१०१ (सेक्रेटरी): मान्य. लहान मुलांसाठी ४ ला कार्टून पिक्चर, मोठ्यांना जेलर. पण तो पावणेतीन तासांचा आहे, ८ ला लावला तर पावणेअकरा होतील आणि १० नंतर स्पीकर बंद ठेवावे लागतात. म्हणून आरती साडेसहाला घेऊन बरोबर ७ ला चालू करू. चालेल?

बी-१०२ (आजोबा): चालेल. पुढची एक खुर्ची माझ्यासाठी ठेवा, गुडघ्यामुळे खाली बसता येत नाही.

बी-४०३: ठेवतो आजोबा, मी येतो खुर्च्या लावायला