विसावी मेन रेजिमेंट: बाबांना कुठलं रणांगण दाखवू? (दोन दिवस, बजेट ३५० डॉलर)

एडिसनचा_पोऱ्या: नमस्कार मंडळी. बाबा ऑक्टोबरमध्ये येतायत. मराठा लाइट इन्फंट्रीतून रिटायर्ड, गुडघे दुखतात, पण डोकं एकदम शार्प. अमेरिकन सिव्हिल वॉरबद्दल (उत्तरेचं युनियन विरुद्ध दक्षिणेचं कॉन्फेडरेट) वाचताना ते विसाव्या मेन व्हॉलंटियर इन्फंट्रीवर अडकलेत, म्हणजे मेन राज्यातल्या स्वयंसेवकांची पलटण, युनियनच्या बाजूची. शेतकरी, लाकूडतोडे, मच्छीमार, सगळी साधी पोरं २९ ऑगस्ट १८६२ ला पोर्टलंडला सैन्यात दाखल झाली, आणि तीन आठवड्यांत अँटिटमच्या लढाईला पोचली, तिथे राखीव ठेवली होती म्हणा. बाबांना ही पलटण जिथे लढली तिथे उभं राहायचंय. हाताशी दोन दिवस, एक मुक्काम, पेट्रोल धरून ३५० डॉलर. जास्त चढायला नको. कुठे नेऊ?

लेहाय_व्हॅलीकर: यात विचारायचं काय, गेटिसबर्ग! २ जुलै १८६३, लिटल राउंड टॉप नावाची टेकडी, युनियनच्या फळीचं डावं टोक. तीनशे ऐंशीच्या आसपास माणसं, समोर दक्षिणेची पंधरावी अलाबामा, काडतुसं संपली, पलटणीचा कर्नल चेंबरलेनने संगिनी लावायला सांगितल्या आणि पोरं उतारावरून खाली सुटली. लायसन्स्ड गाइड घ्या, परीक्षा देऊन झालेले असतात, तुमचीच गाडी चालवत सगळं दाखवतात. आम्ही गावातल्या जुन्या इनमध्ये दोन रात्री राहिलो, ब्रेकफास्ट अप्रतिम. थोडं महाग पडतं पण बाबा काय परत परत येणारेत का.

एडिसनचा_पोऱ्या: दादा, बजेट ३५० आहे. दोन्ही रात्री नाही, एकच.

शार्लटवाली_मावशी: गेटिसबर्गच. गाइड घ्या, +१. टेकडीचं काम चालू होतं म्हणून बंद होती ती २०२४ ला उघडली, आता रस्ते छान झालेत. वरून खाली उतरू नका, मेनचं स्मारक खालच्या अंगाला झाडीत आहे, गाडी राइट अ‍ॅव्हेन्यूच्या बाजूला लावली की गुडघ्यांना कमी त्रास. आणि लांब पँट घाला, गोचीड असतात! आमच्या मुलाला चावली होती, पुढे महिनाभर डॉक्टर.

बॉस्टनस्थित: मेन मेन काय करताय सगळे. व्हॉलंटियर पलटण बघायची तर चोपन्नावी मॅसॅच्युसेट्स. कृष्णवर्णीय सैनिक, १८ जुलै १८६३ ला दक्षिणेच्या फोर्ट वॅग्नर किल्ल्यावर चालून गेले, त्यांचा कर्नल शॉ तटावरच पडला. पण मला त्याहून मोठी वाटते ती पगाराची गोष्ट. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर, यांना १० आणि त्यातूनही कपड्यांचे ३ कापणार. यांनी पगारच घेतला नाही. राज्य सरकार म्हणालं फरक आम्ही भरतो, तर तेही नको म्हणाले, बरोबरीचा द्या नाहीतर ठेवा तुमच्याकडे. घरी बायकापोरं उपाशी असताना! बॉस्टनला स्टेट हाउससमोर त्यांचं शिल्प आहे, १८९७ चं, चढ नाही, तिकीट नाही. बाबांना आणा, जेवायला आमच्याकडे.

एडिसनचा_पोऱ्या: आमंत्रणाबद्दल मनापासून आभार. पण बाबांचं मन मेनवर आहे हो.

इतिहासवेडा_७१: तो संगिनींचा हल्ला फार फुगवलाय लोकांनी. पंधराव्या अलाबामाचा कर्नल ओट्स नंतर म्हणाला की मी आधीच माघारीचा हुकूम दिला होता. आणि मेनच्याच एलिस स्पियरने सांगितलंय की चार्जचा हुकूम त्याच्यापर्यंत पोचलाच नाही. लेफ्टनंट मेल्चर जखमींना आणायला पुढे सरकला, तिथून सगळं सुरू झालं. श्रेय मात्र एकट्या चेंबरलेनला.

लेहाय_व्हॅलीकर: फुगवलं कसलं. जवळजवळ तिसरा हिस्सा माणसं मेली नाहीतर जखमी होऊन पडली होती, आणि तरी फळी मोडली नाही. कॅप्टन मॉरिलची बी कंपनी बाजूला भिंतीआड होती, तिने ऐन वेळी गोळीबार केला म्हणून अलाबामावाल्यांना वाटलं मागून आणखी पलटण आली. हा काय एकट्याचा पराक्रम म्हटलाय का कुणी.

इतिहासवेडा_७१: एकट्याचा म्हणत नाहीत पण पुतळे कुणाचे होतात ते बघा. बिचारा ब्रिगेड कमांडर व्हिन्सेंट, ज्याने ती जागा पकडली, तो तिथेच प्राणघातक जखमी झाला, त्याचं नाव किती जण घेतात.

रिचमंडकर_गोडबोले: तुम्ही दोघं भांडा निवांत. पोऱ्या, आम्ही अ‍ॅपोमॅटॉक्सला गेलो होतो, तिथे ने. १२ एप्रिल १८६५ ला कॉन्फेडरेट सैन्याने शस्त्रं खाली ठेवली तेव्हा ती स्वीकारायला चेंबरलेनच उभा होता, आणि त्याने हरलेल्यांना सलामी द्यायला लावली. फौजी माणसाला हे भिडतंच. एडिसनहून लांब आहे, विमानाने लिंचबर्गला या आणि गाडी भाड्याने घ्या. फोटो काढायला सकाळी लवकर.

शार्लटवाली_मावशी: ३५० डॉलरमध्ये विमान? 🙏

पलटणप्रेमी: बसटूरने मात्र जाऊ नका कोणी. आम्हाला दोन तास पार्किंगमध्ये बसवून ठेवलं, गाइड फक्त भुतांच्या गोष्टी सांगत होता, पैसे पण परत नाहीत.

आय_९५_वरचा_माणूस: पलटण तीन वर्षं होती आणि सगळे एका दुपारवर अडलेत. फ्रेडरिक्सबर्गचा विचार करा. १३ डिसेंबर १८६२, दक्षिणेच्या ताब्यातल्या मेरीज हाइट्स टेकडीच्या खाली संध्याकाळी ही पोरं पुढे गेली, त्यांची पहिली मोठी लढाई. रात्र आणि दुसरा अख्खा दिवस उघड्या मैदानात पडून काढला, थंडीत, मेलेल्यांच्या आडोशाने, डोकं वर काढलं की गोळी. तिथे संकन रोड (ज्या दगडी भिंतीआडून दक्षिणेवाले गोळ्या झाडत होते तो रस्ता) सपाट आहे, त्या भिंतीचा एक तुकडा अजून मूळचा आहे, इनिस हाउसच्या भिंतींत गोळ्यांची भोकं दिसतात. प्रवेश फुकट. त्याच पार्कात थोड्या अंतरावर विल्डरनेसचं सॉन्डर्स फील्ड, तिथे ५ मे १८६४ ला हीच पलटण होती, आणि स्पॉट्सिल्व्हेनियाचं लॉरेल हिल, तिथेही. म्हणजे एका मुक्कामात तीन जागा, बहुतेक गाडीतून.

इतिहासवेडा_७१: फ्रेडरिक्सबर्गला काय बघणार, ज्या मैदानातून चालून गेले तिथे आता घरं उभी आहेत. रस्त्यावर उभं राहून कल्पना करायची फक्त.

लेहाय_व्हॅलीकर: गेटिसबर्ग. गाइड. बस्स.

बॉस्टनस्थित: बॉस्टनचं विसरू नका.

एडिसनचा_पोऱ्या: सगळ्यांना थँक्यू. धागा बाबांना फोनवर वाचून दाखवला. ते म्हणाले चार्ज सगळे बघतात, मला ती पोरं जिथे पडून राहिली ते बघायचंय, घरं असली तर असूदेत. त्यांनी मला अजून एक सांगितलं. गेटिसबर्गच्या आधी दुसऱ्या मेन रेजिमेंटची सव्वाशेच्या आसपास माणसं यांच्याकडे पाठवली होती, बंडखोर म्हणून, पहाऱ्यात. त्यांचे जोडीदार दोन वर्षांनी घरी गेले आणि या सव्वाशेंकडून मात्र तीन वर्षांच्या कागदावर सह्या घेतलेल्या. ऐकलं नाही तर गोळ्या घाला असा हुकूम होता. चेंबरलेनने आधी जेवायला घातलं, मग तक्रार ऐकून घेतली, आणि बहुतेक सगळे लढायला तयार झाले. बाबा म्हणतात अफसर तिथे कळतो, टेकडीवर नाही. तर पहिला दिवस फ्रेडरिक्सबर्ग, दुसरा विल्डरनेस आणि लॉरेल हिल. गाइड नाही घेणार, बाबाच सांगतील. मेरीज हाइट्सवरच्या सैनिकी स्मशानात पंधरा हजारांवर कबरी आहेत, बहुतेक बेनाव, तिथे वर जायला पायऱ्या टाळून रस्ता आहे का? आणि फ्रेडरिक्सबर्गमध्ये शंभरच्या आतलं, तळमजल्यावर खोली देणारं मोटेल कुणाला माहीत असेल तर सांगा.

रिचमंडकर_गोडबोले: एवढं खाली येताच आहात तर अ‍ॅपोमॅटॉक्स करूनच टाका.