आपत्तीचा धाक दाखवून हॅम रेडिओला नवी मुलं मिळतील का?

माशेलवाला

गोव्यात हॅम रेडिओची (परवाना घेऊन हौशी लोक चालवतात तो दुतर्फी रेडिओ) ओळख करून देणारं कुठलंही भाषण घ्या, सुरुवात चक्रीवादळानेच होते. मोबाइल बंद, वीज बंद, रस्ता बंद, आणि त्या वेळी फक्त हॅम चालू. मग १९९९ चं ओडिशा, २००१ चं भूज, २००४ ची त्सुनामी, २०१८ चं केरळ. मुलं मन लावून ऐकतात, टाळ्या वाजवतात, घरी जातात. परीक्षेचा अर्ज मात्र कोणी भरत नाही.

यातली एकही गोष्ट खोटी नाही. तरी माझं ठाम मत आहे की आपण हा छंद चुकीच्या टोकाने लोकांच्या हातात देतो. बारा वर्षांच्या मुलाला (परवान्यासाठी किमान वय तेवढंच आहे) आपण सांगतो, "तुझ्या गावावर संकट येईल तेव्हा याचा उपयोग होईल." म्हणजे संकट येईपर्यंत त्याने काय करायचं? वाट बघायची?

त्सुनामीचंच उदाहरण बघा, कारण ते सगळ्यात जास्त सांगितलं जातं. २६ डिसेंबर २००४ ला पोर्ट ब्लेअरहून भारती प्रसाद (रेडिओवरची त्यांची ओळखखूण व्हीयू२आरबीआय) यांनी जगाला खबर दिली. पुढे कितीतरी कुटुंबांचे निरोप त्यांच्या चमूने पोचवले. पण तो चमू तिथे होता कशासाठी? अंदमान जगभरच्या हॅमसाठी दुर्मीळ ठिकाण होतं, तिथून बोलायला मिळावं म्हणून वर्षानुवर्षं धडपड करून परवानगी आणलेली होती. अँटेना उभा होता तो हौसेने. लाट आली तेव्हा ती हौस कामाला आली. भाषणात आपण हा अर्धा भागच गाळतो.

माझ्या मते मुलाला आधी ऐकू द्यावं. चाळीस मीटर बँडचा (७ मेगाहर्ट्झ) साधा डायपोल अँटेना म्हणजे प्रत्येकी दहा मीटरच्या दोन वायरी. आमच्याकडे माडांना तोटा नाही. नारळ पाडायला पाडेली येतो, त्याच्या हाती नायलॉनची दोरी दिली की अर्धं काम होतं. दोन माडांच्या मध्ये वायर ताणली, मधून कोअॅक्स केबल खाली आणली, की संध्याकाळी सूर्य कलताना ७ मेगाहर्ट्झवर आधी बंगळूर, हैदराबाद, कोलंबो आणि मग अंधार पडेल तसं त्याहून दूरचं ऐकू यायला लागतं. हे का बदलतं? आयनोस्फिअरचा (वातावरणाच्या वरच्या, रेडिओलहरी परतवणाऱ्या भागाचा) खालचा थर सूर्य गेल्यावर विरतो म्हणून. हा प्रश्न मुलाने स्वतःहून विचारला की आपलं काम झालं. त्याला वादळाची भीती घालायची गरज उरत नाही.

तुमचं मत काय? विरोध असेल तर स्पष्ट लिहा.

वास्को_रेडिओरूम

विरोध आहे, स्पष्टच लिहितो.

मी तारवटी. जहाजावर रेडिओ ऑफिसर म्हणून आयुष्य काढलं. आमच्या रेडिओ रूममधल्या घड्याळावर लाल पट्टे असायचे, तासाच्या १५ ते १८ आणि ४५ ते ४८ मिनिटांवर. त्या तीन तीन मिनिटांत ५०० किलोहर्ट्झवर कोणी पाठवायचं नाही, फक्त ऐकायचं. कुठे तरी एखादं बुडणारं जहाज क्षीण आवाजात हाक मारत असेल तर ती ऐकू यावी म्हणून. १ फेब्रुवारी १९९९ पासून जीएमडीएसएस (जहाजांची आपोआप चालणारी संकटसंदेश व्यवस्था) पूर्ण लागू झालं आणि आमचं पदच गेलं. पण ऐकण्याची ती शिस्त मला हॅमवर पुन्हा सापडली.

माशेलवाले, तुम्ही हौस म्हणता. नुसत्या हौसेसाठी जगातलं कुठलंही सरकार स्पेक्ट्रम सोडून ठेवत नाही. २०१९ मध्ये फ्रान्सने १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा पट्टा विमानसेवेसाठी तपासायचा प्रस्ताव आणला होता. जगभरच्या संघटना उठल्या तेव्हा तो मागे पडला. उद्या असा प्रस्ताव परत आला तर आपण काय सांगणार? मुलांना सूर्यास्ताचं कुतूहल वाटतं म्हणून बँड ठेवा? सेवा हेच आपलं बळ आहे, नियमांतही याला अमॅच्युअर सर्व्हिस असंच म्हटलंय.

आणि अंदमानचं म्हणाल, तर हौस होती हे खरं. पण त्या दिवशी हौशी माणूस भांबावला असता. तिथे संदेश लिहून घेणारी, पुन्हा वाचून खात्री करणारी, एका वेळी एकच बोलणारी माणसं होती म्हणून निरोप पोचले. ती शिस्त शिकवावी लागते, मजेमजेत येत नाही. परवान्याच्या वरच्या, जनरल श्रेणीसाठी मिनिटाला आठ शब्दांचं मोर्स आहे, तेही मी याच कारणासाठी राखावं म्हणेन.

मेश_काणकोण

दोघेही एक गोष्ट बाजूला ठेवताय. मुलं रेडिओकडे येतच आहेत, फक्त तुमच्याकडे येत नाहीत.

आमच्या कॉलेजच्या गटात मेशटॅस्टिकचे (एकमेकांमार्फत निरोप पुढे पाठवणाऱ्या छोट्या रेडिओंच्या जाळ्याचे) नोड आहेत. लोरा या कमी विजेत दूर जाणाऱ्या रेडिओ तंत्राचा छोटा बोर्ड, मोबाइलला ब्लूटूथने जोडायचा, ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर चालतो. या पट्ट्याला आपल्याकडे परवाना लागत नाही. एक नोड टेकडीवर ठेवला की निरोप एकाकडून दुसऱ्याकडे उड्या मारत जातो. दोन-तीन हजारांत काम होतं. आज मागवला, आठवड्यात चालू.

हॅमसाठी काय करायचं? अर्ज, परीक्षेची तारीख लागायची वाट, पोलीस पडताळणी, मग परवान्याची वाट. खालच्या रिस्ट्रिक्टेड श्रेणीला मोर्स नाही हे मान्य, पण कागद आहेतच. आणि परवाना हातात आल्यावर चांगल्या एचएफ (लांब पल्ल्याच्या) सेटची किंमत बघून विद्यार्थी गप्प बसतो. स्वस्त हँडसेट घ्यावा तर त्याच्या विक्रीवर आता कडक नियम आलेत. पणजीतून पाच वॅटच्या हँडसेटने वाळपईला बोलता येतं का? मध्ये डोंगर आहेत. मग अठरा वर्षांच्या मुलाने या दारातून का यावं?

वास्को काका, मोर्सबद्दल आदर ठेवून सांगतो, आंतरराष्ट्रीय पातळीवर ती सक्ती २००३ मध्येच उठली. अमेरिकेने २००७ मध्ये काढली. आपणच अजून धरून बसलोय.

फोंड्याची_टीचर

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते, परवाना नाही. तरी लिहिते, कारण ज्यांना आणायचं म्हणता ती मुलं माझ्या वर्गात बसतात.

अवकाश स्थानकावर एक हॅम रिपीटर (आलेला सिग्नल पुन्हा पाठवणारा सेट) आहे, तो ४३७.८०० मेगाहर्ट्झवर खाली बोलतो. लॅपटॉपला लावायचं एक साधं एसडीआर डोंगल (संगणकावर रेडिओ ऐकवणारं यंत्र) घेऊन आम्ही गच्चीवर तो ऐकला. स्थानक क्षितिजावर आलं तेव्हा पडद्यावरची रेघ ४३७.८१० च्या जवळ होती. डोक्यावरून जाताना ती सरकत सरकत ४३७.८०० ला आली आणि पलीकडे उतरताना ७९० कडे गेली. नववीतल्या एका मुलीने विचारलं, "टीचर, ते लोक फ्रिक्वेन्सी बदलतात का?" मी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या मुलाने म्हटलं, रेल्वेच्या शिट्टीचं होतं तसं असेल. फळ्यावर डॉपलर कितीही वेळा काढला असता तरी हे झालं नसतं.

त्या दिवशी आपत्तीचा विषयही निघाला नाही, त्यामुळे मी माशेलवाल्यांच्या बाजूची. मात्र माझी अडचण वेगळी आहे. पालक विचारतात, याचे मार्क मिळतात काय? दहावी आली की मुलं क्लासला जातात. आठवी-नववीची दोन वर्षंच आमच्या हाती असतात, आणि त्याच दोन वर्षांत शाळेत येऊन बसायला एकही हॅम मोकळा नसतो. भाषणाला सगळे येतात. दर शनिवारी कोण येणार?

डिचोलीकर

माडांची गोष्ट माशेलात ठीक आहे. आज बहुतेक लोक फ्लॅटमध्ये राहतात. गच्चीवर वायर लावायला सोसायटीची परवानगी मागितली की पहिला प्रश्न येतो, रेडिएशनने कॅन्सर होईल का? दुसरा, वीज पडेल का? दुसरा प्रश्न रास्त आहे. ऑक्टोबरच्या गडगडाटात कोअॅक्स काढून ठेवायला शिकवलंच पाहिजे, आणि चांगलं अर्थिंगही. जांभ्याच्या कोरड्या कातळात अर्थ पिट करणं सोपं काम नाही.

त्यावर आवाज. एलईडी दिवे, स्वस्त चार्जर, आता घराघरांवर सोलर इन्व्हर्टर. चाळीस मीटर बँडवर सेटच्या सिग्नल दाखवणाऱ्या मीटरचा काटा सतत वर, त्यात कोलंबो कुठे शोधणार? नव्या मुलाला पहिल्याच दिवशी नुसती खरखर ऐकवली तर तो परत येणार नाही. एफटी८ ला (संगणकाने क्षीण सिग्नलवर निरोप देण्या-घेण्याच्या पद्धतीला) लोक नावं ठेवतात, पण २०१७ मध्ये ते आलं नसतं तर फ्लॅटमधले अर्धे हॅम बंद पडले असते. जो टेलर यांना १९९३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि स्टीव्ह फ्रँके यांच्यासोबत त्यांनी एफटी८ बनवलं. पंधरा सेकंदांच्या खेपा, खरखरीच्या खाली गाडलेला सिग्नलही उकलतो. मुलाला खिडकीबाहेर लोंबणाऱ्या वायरीवर परदेशी स्टेशन दिसतं. ही सुरुवात वाईट आहे का?

वास्को_रेडिओरूम

वाईट नाही. पण त्यात माणसाने माणसाचं ऐकणं कुठे आहे? संगणक संगणकाशी बोलतो.

मेशच्या मुलाला एक विचारतो. १६ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेलं, कित्येक गावांत दिवसच्या दिवस वीज नव्हती. टॉवरच्या बॅटऱ्या तासांचा हिशेब करतात, दिवसांचा नाही. सॅटेलाइट फोन परवानगीशिवाय जवळ बाळगताही येत नाही. तुमचा टेकडीवरचा नोड पडला, झाड कोसळलं, तर काणकोणहून सत्तरी तालुक्यात निरोप कसा जाणार?

मेश_काणकोण

नोड पडला तर नाही जाणार, हे खरं. तुमचा व्हीएचएफ रिपीटर पडला तर तुमचाही नाही जाणार.

माशेलवाला

याचं उत्तर त्याच वायरीत आहे. चाळीस मीटरचा डायपोल जमिनीपासून चार-पाच मीटरवरच ताणला तर लहर सरळ वर जाते आणि तीनेकशे किलोमीटरच्या परिघात खाली परतते. गोवा उत्तर-दक्षिण शंभरेक किलोमीटर. सगळा गोवा त्या छत्रीखाली येतो, डोंगर आडवा येत नाही, रिपीटर लागत नाही, गाडीच्या बॅटरीवर चालतं. रात्री सात मेगाहर्ट्झ साथ सोडतं, तेव्हा ऐंशी मीटरच्या खालच्या बँडवर उतरायचं.

काका, हे सगळं पुस्तकात वाचून त्या रात्री जमत नाही. कोणती वायर कोणत्या वेळी चालते हे ज्याने वर्षभर उगाच करून पाहिलंय त्यालाच जमतं. पावसाळ्यात कनेक्टरमध्ये पाणी शिरून आतलं तांबं हिरवं पडतं, सेट चालू असतो आणि कोणाला ऐकू जात नाही. ते ओळखायला हात लागतो. तुमची शिस्त मला हवीच आहे. पण ती ज्यांना शिकवायची ती माणसं रेडिओशी खेळता खेळताच तयार होतात. मुलं नसतील तर नेट (ठरलेल्या वेळी रेडिओवर भरणारी हॅमची बैठक) चालवणार कोण?

मेशवाल्यांना मी परका मानत नाही. एक फरक मात्र सांगतो. तुमच्या पट्ट्यात संदेश गुप्त ठेवता येतो, हॅमवर सांकेतिक भाषा चालत नाही. जे बोलाल ते कोणीही ऐकावं. धंद्याचं बोलायचं नाही, गाणी वाजवायची नाहीत. मला हा मोकळेपणा फार मोलाचा वाटतो.

डिचोलीकर

थोडं अवांतर. डीएक्ससीसीच्या (किती देशांशी संपर्क झाला याच्या हॅम पुरस्काराच्या) रद्द देशांच्या यादीत गोवा अजून आहे, सीआर८ या उपसर्गाने, १९६१ पर्यंतचे संपर्क धरून. आणि नोव्हेंबर १९५५ पासून लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई यांनी सीमेवरच्या जंगलातून गोवा मुक्तीचं गुप्त रेडिओ केंद्र चालवलं. ते प्रसारण होतं, हॅम नव्हे. तरी जंगलात ट्रान्समीटर जिवंत ठेवणं काय असतं हे पोरांना सांगितलं पाहिजे. ही आपल्या मातीतली गोष्ट आहे, भूज आणि ओडिशाच्या आधी ही सांगा.

वास्को_रेडिओरूम

सांगा. मी मोर्सवर ठाम आहे आणि राहीन. सेवेचं नाव घ्यायला लाजू नका, एवढंच माझं म्हणणं. टीचरनी विचारलं की दर शनिवारी कोण येणार. मी निवृत्त आहे, वास्कोहून फोंड्याला बस आहे. पण मुलांच्या हाती मायक्रोफोन देण्याआधी मी त्यांना तीन मिनिटं गप्प बसून ऐकायला लावणार.

फोंड्याची_टीचर

सर, नववीचा वर्ग तीन मिनिटं गप्प बसला तर मुख्याध्यापकही बघायला येतील. जरूर या. गणेश चवथीच्या सुटीनंतरचा पहिला शनिवार धरते. माशेलवाले, डोंगलसोबत आलेला छोटा अँटेना फारच कमी पकडतो. शाळेत अॅल्युमिनियमच्या सळ्या आहेत. स्थानकाच्या दुसऱ्या फ्रिक्वेन्सीसाठी, १४५.८०० मेगाहर्ट्झसाठी, किती लांबी कापायची?

माशेलवाला

दोन सळ्या, प्रत्येकी साधारण ४९ सेंटिमीटर. मध्ये १२० अंशाचा कोन, आडव्या ठेवा, एकीला कोअॅक्सची मधली तार, दुसरीला जाळी. ४३७.८०० ही जवळजवळ तिप्पट आहे, म्हणून तोच अँटेना तिथेही बरा चालेल. कापताना दोन सेंटिमीटर जास्त ठेवा, मुलांनाच छाटू द्या. कनेक्टर मी आणतो.