फोटो ढगात (क्लाउडवर) ठेवायचे की कपाटात? (ऑनलाइन चर्चा: वर टोपणनाव, खाली त्याचं म्हणणं)

खारी-बटर

गेल्या महिन्यात सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला. "अहो, मेंटेनन्सची पावती तीनदा मेल केली, तिन्ही वेळा परत आली." बघतो तर गूगलच्या खात्याचा १५ जीबीचा कोटा तुडुंब. त्यात मेल जेमतेम दोन जीबी. बाकी सगळे फोटो आणि व्हॉट्सॲपचा बॅकअप.

गूगल फोटोज २०१५ साली आलं तेव्हा 'हवे तेवढे फोटो टाका, फुकट' असा मामला होता. फोटो थोडे दाबून ठेवायचे, १६ मेगापिक्सेलपर्यंत, पण ते कोण बघतंय! १ जून २०२१ पासून फुकट बंद. त्यानंतरचा प्रत्येक फोटो १५ जीबीत मोजायचा, आणि तो कोटा मेल, ड्राइव्ह, फोटो सगळ्यांना मिळून एकच. पुढे अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲप बॅकअपही त्यातच धरायला लागले. म्हणजे सहा वर्षं गाडीत बसवून फिरवलं आणि मग मीटर टाकला. रिक्षावाला निदान बसतानाच टाकतो.

जास्त जागा हवी तर १०० जीबीला महिना १३० रुपये. आमचे चिरंजीव म्हणतात, "बाबा, एवढ्याचा तर तुम्ही चहा पिता." पितो. पण चहा सोडला तर टपरीवाला माझे आधी प्यायलेले चहा परत मागत नाही. इथे भाडं थांबवलं आणि कोट्याच्या वर राहिलात की मेल येणं-जाणं बंद. तसंच दोन वर्षं राहिलं तर सामान काढून टाकायची मुभा त्यांनी नियमांतच घेऊन ठेवलीय. आणि फोटो काही कमी होत नाहीत, म्हणजे भाडं वाढतच जाणार.

म्हणून दोन टीबीच्या दोन हार्डडिस्क आणल्या आणि सलग तीन रविवार बसलो. ४१ हजार फोटो. त्यात काय काय होतं म्हणून सांगू? २०१८ पासूनचे सुप्रभात. वाफाळता कप, गुलाब, गुलाबावर दव, दवावर सुविचार. लाईट बिलांचे फोटो. चपलेच्या दुकानातून बायकोला पाठवलेले चपलांचे फोटो, एकाच चपलेचे सहा. मुलाच्या वहीची पानं, वर बाईंचा लाल शेरा 'अक्षर सुधारा'. ही तेवढी ठेवली. उरले नऊ हजार. ते डिस्कवर घेतले, क्लाउड रिकामं केलं, भाडं भरलंच नाही.

माझं मत सरळ आहे. आपले फोटो आपल्या कपाटात, आपल्या किल्लीखाली. आता झोडा.

वाशिष्ठीकाठ

२२ जुलै २०२१, चिपळूण, वाशिष्ठीचा पूर. एवढंच लिहून थांबणार होते, पण तुम्ही 'कपाट' शब्द इतक्या प्रेमाने वापरलात की लिहावंच लागतंय.

पहाटे पाणी अंगणात होतं. आम्ही गाद्या, तांदूळ, आईची औषधं माडीवर नेली. फोटो कोणाच्या डोक्यात येणार? अल्बम आणि हार्डडिस्क खालच्या गोदरेजच्या कपाटात, तुमच्यासारखीच, किल्लीखाली. पाणी उतरल्यावर कपाटाचं दार उघडेना, पहारीने उघडलं. अल्बमची पानं फुगून एकमेकांना चिकटलेली. एक सोडवायला गेले तर मुंजीतल्या माझ्या भावाचा चेहरा समोरच्या पानावर निघून आला, इकडे नुसता पांढरा कागद. डिस्कच्या फटीफटीत चिखल. नळाखाली धुऊ नका असं नंतर कोणीतरी सांगितलं. तोवर मी धुऊन, उन्हात वाळवून मोकळी झाले होते.

वाचलं काय? फोनमधून आपोआप वर गेलेलं, तेवढंच. आणि डोंबिवलीच्या वहिनीने दोन वर्षांपूर्वी गणपतीला आली असताना सहज मोबाईलने टिपलेली अल्बमची बारा-तेरा पानं. वडिलांचा टाय लावलेला एकमेव फोटो त्यात आहे. एका कोपऱ्यात वहिनीच्या अंगठ्यासकट.

मी भाडं भरते. वर्षाचं एकदम.

जुनाकॅमेरा

वाशिष्ठीकाठ, वाचून गलबललं. खारी-बटर, माझाही विरोध, पण पुराशिवाय.

कपाटात ठेवलं की टिकतं हाच भ्रम आहे. आमचं लग्न २००३ चं. शूटिंगच्या तीन व्हीसीडी, वर कुंकवाने स्वस्तिक काढलेलं, प्लॅस्टिकच्या कव्हरात, कपड्यांच्या कपाटात, कापराच्या वडीसह. गेल्या दिवाळीत लावायला घेतल्या. पहिली सीमांतपूजनाला अडकली, दुसरी ड्राइव्हने ओळखलीच नाही. तिसरी सुरळीत चालते, तिच्यात फक्त पंगत आणि पाठवणी. म्हणजे आमचं लग्न लागल्याचा पुरावा नाही, जेवल्याचा आहे.

ज्यांच्याकडे व्हीसीडी आहेत त्यांनी आजच उठून एक करा. सीडीत एम्पेगएव्ही नावाचं फोल्डर असतं, त्यातली डॅट फाइल कॉम्प्युटरवर कॉपी करा, व्हीएलसी प्लेअरमध्ये बहुधा तशीच चालते. चित्र ३५२ बाय २८८ चं, त्यामुळे मोठ्या टीव्हीवर सगळे वऱ्हाडी रांगोळीचे दिसतात, पण दिसतात.

हार्डडिस्कचंही तेच. बॅकब्लेझ नावाची कंपनी अडीच लाखांहून जास्त डिस्क चालवते आणि किती बिघडल्या ते दरवर्षी जाहीर करते. २०२३ चा आकडा १.४ टक्के. थंड खोलीत, न हलवता चालणाऱ्या डिस्कचा हा आकडा. आपली डिस्क टीव्हीच्या स्टॅंडवरून पडते, त्याची टक्केवारी कोण काढणार? माझी एक गेली तेव्हा आधी टिक्-टिक् आवाज यायला लागला. मी म्हटलं घड्याळ आहे.

ताकपिठा

इथे सगळे क्लाउडच्या बाजूने निघाले म्हणून खारी-बटर यांच्या बाजूने.

पूर शंभरातल्या एका घरात येतो, कंपनीचा मूड सगळ्यांच्याच घरात एकदम बदलतो. ऑर्कुट आठवतंय? ३० सप्टेंबर २०१४ ला बंद. फोटोंचं पिकासा २०१६ ला. फ्लिकरने २०१३ मध्ये एक टीबी फुकट दिलं, २०१८ मध्ये म्हणाले फुकटवाल्यांना एक हजार फोटो, बास. मायस्पेसने तर २०१९ मध्ये सांगून टाकलं की सर्व्हर हलवताना २०१५ पर्यंतची लोकांची गाणी, फोटो, व्हिडिओ गेले. म्हणजे टेम्पो उलटला, सॉरी हं.

आणि ती सॅन फ्रान्सिस्कोच्या बापाची गोष्ट. लहान मुलाच्या गुप्तांगाला त्रास होत होता, डॉक्टरला दाखवायला म्हणून त्या जागेचा फोटो काढला, तो आपोआप वर गेला, यंत्राने भलताच अर्थ लावला आणि खातं बंद. न्यूयॉर्क टाइम्सने २०२२ मध्ये छापलं होतं. पोलिसांनी चौकशी करून त्याला निर्दोष म्हटलं, तरी गूगलने खातं परत दिलं नाही. मेल, फोन नंबर, फोटो सगळं एकाच कुलपात होतं. वाशिष्ठीकाठ ताई, नदीला निदान दया नाही हे आधीपासून माहीत असतं.

रिकामटेकडी

मूळ प्रश्न कोणीच विचारत नाहीये. ४१ हजार फोटो बघणार कोण??

आमच्या आजीचे अख्ख्या आयुष्यात सात फोटो. सातही पाठ आहेत मला, कुठल्यात कुठलं लुगडं ते पण. माझ्या मुलीचे ती नऊ महिन्यांची होईपर्यंत सहा हजार झाले. ढगात ठेवा नाहीतर पेव खणून पुरा, कोणी बघणार नाही.

वर्षाला पन्नास निवडा, स्टुडिओतून चार बाय सहाच्या प्रिंट काढा. विषय संपला. (करिझ्मा अल्बम नको. आमच्या जावेच्या अल्बममध्ये नवरा-नवरी मागे स्वित्झर्लंड लावून उभे आहेत आणि कार्यालय भोसरीत.)

डॉकरपंत

दोन्ही पक्ष चूक. जुन्या लॅपटॉपवर इमिच टाका. मुक्त सॉफ्टवेअर आहे, फुकट. चेहरे ओळखतं, नकाशावर फोटो दाखवतं, 'समुद्र' शोधलं की समुद्र काढून देतं, फोनमधून आपोआप बॅकअप घेतं. सगळं आपल्याच घरात. बऱ्याच घरगुती कनेक्शनना स्वतंत्र पब्लिक आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) मिळत नाही, पण टेलस्केल (घरच्या कॉम्प्युटरला बाहेरून जोडणारं ॲप) टाकलं की बाहेरूनही उघडतं. एका दुपारचं काम.

डॉकरपंतांची सौ

हे खातं आत्ताच उघडलं.

'एका दुपारचं काम' दसऱ्याला सुरू झालं, संक्रांतीला संपलं. लॅपटॉप देवघराच्या खाली असतो, पंखा असा गरगरतो की आरती ऐकू येत नाही. लाईट गेली आणि हे दौऱ्यावर असले की आमचे सगळ्यांचे फोटो गायब. फोन करून विचारलं तर म्हणतात, "कंटेनर रीस्टार्ट कर." मी गूळपोळीचं सारण परतत होते तेव्हा.

शिवाय उद्या यांना काही झालं, देव न करो, तर ते खोलणार कोण?

डॉकरपंत

युपीएस घेतोय म्हटलं ना.

सातवी_ड

काका-काकूंनो, जिओने २०२५ मध्ये गूगलच्या जेमिनी प्रो एआयबरोबर दोन टीबी १८ महिने फुकट द्यायला सुरुवात केली. मी घेतलं पण. कशाला भांडताय?

ताकपिठा

बाळा, एकोणिसाव्या महिन्यात भेटू.

मुक्कामपोस्ट

डॉकरपंतांच्या सौ.नी शेवटी 'ते खोलणार कोण' असं जे लिहिलं त्याबद्दल.

वडील गेले त्याला आता तीन वर्षं होतील. पाटबंधारे खात्यात होते, निवृत्तीनंतर फोटोचा नाद लागला. गावोगावच्या बारवा, वीरगळ, पडकी देवळं. कुठेतरी क्लाउडवर टाकायचे हे माहीत होतं. कुठल्या कंपनीच्या ते इथे लिहीत नाही, कुठलीही असती तरी हेच झालं असतं. त्यांच्या मोबाईलचं रिचार्ज आम्ही थांबवलं, नंबर बंद झाला. मग कळलं की पासवर्ड बदलायला ओटीपी त्याच नंबरवर जातो. दाखले, मृत्यू प्रमाणपत्र, सगळं पाठवलं. उत्तर आलं, फॉर्म पुन्हा भरा. दोनदा भरला. आता तो नंबर दुसऱ्याच कोणाच्या नावावर आहे. मी एकदा लावून पाहिला, एका बाईने उचलला, काही न बोलता ठेवला.

त्यामुळे माझं ना कपाटाला, ना ढगाला. घरात दुसऱ्या कोणाला तरी दार उघडता आलं पाहिजे.

जुनाकॅमेरा

मुक्कामपोस्ट, काय बोलू.

बाकीच्यांसाठी: गूगलमध्ये 'इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' म्हणून सोय आहे. अमुक महिने मी खातं वापरलं नाही तर अमक्याला कळवा आणि हे-हे त्याला द्या, असं आधीच लिहून ठेवता येतं. दहा मिनिटं लागतात. दोन वर्षं न वापरलेली खाती काढून टाकायला त्यांनी डिसेंबर २०२३ पासून सुरुवात केलीय, म्हणून ते आणखी महत्त्वाचं. ॲपलवाल्यांकडे 'लेगसी कॉन्टॅक्ट' आहे. मी काल रात्री बायकोचं नाव टाकलं. ती म्हणाली, "म्हणजे मला काय मिळणार?" म्हटलं, तुझे चपलांचे फोटो.

(चपलांचे खारी-बटर यांचे होते, माफ करा, उसने घेतले.)

वाशिष्ठीकाठ

खारी-बटर, तुम्ही गप्प आहात. एक साधा प्रश्न. पहिली डिस्क कपाटात. दुसरी कुठे आहे?

खारी-बटर

...पहिलीच्या शेजारी.

वाशिष्ठीकाठ

वाटलंच.

खारी-बटर

मान्य, मान्य. आम्ही चौथ्या मजल्यावर, पूर येणार नाही, पण आग, चोर, गळती काही सांगता येत नाही. वरच्यांच्या बाथरूमचं पाणी अलीकडे त्याच भिंतीतून झिरपतंय.

तरी भाडं भरणार नाही. मुक्कामपोस्ट यांचं वाचल्यावर तर मुळीच नाही. डिस्कला ओटीपी लागत नाही. फक्त तेवढे नऊ हजारांतले पाचशे निवडून मुलाच्या खात्यात टाकलेत, फुकटच्या १५ जीबीत आरामात बसतात. याला हार म्हणायचं असेल तर म्हणा, मी तडजोड म्हणतो. रिकामटेकडी यांच्यासाठी पन्नास प्रिंटही काढल्या. सौ.ने त्यातल्या अकरा 'मी जाड दिसते' म्हणून फाडल्या.

आणि दुसरी डिस्क रविवारी सासुरवाडीला नेऊन दिली, कराडला. सासूबाईंनी ती साडीत गुंडाळून कुठल्याशा डब्यात ठेवलीय. कुठल्या ते सांगत नाहीत. म्हणतात, "चोराला कळेल."

वाशिष्ठीकाठ

कराड? कृष्णा-कोयनेच्या संगमावर?

कोयनेचं पाणी वीज करून पोफळीला आमच्या वाशिष्ठीत उतरतं, तेव्हा तिला मी चांगली ओळखते. तो डबा माळ्यावर आहे ना, तेवढं विचारून घ्या.