मॅटप्लॉटलिबमधला लाइव्ह आलेख दोन मिनिटांत अडखळायला लागतो

प्रश्न
सेन्सरकडून सीरियल पोर्टवरून (संगणकाला उपकरण जोडायची जागा) सेकंदाला 200 रीडिंग येतात. आलेख पायथनच्या मॅटप्लॉटलिब लायब्ररीने काढतोय. लूपमध्ये प्रत्येक रीडिंग लिस्टला जोडून पीएलटी.प्लॉट आणि मग पीएलटी.पॉज(0.001) असं चालू आहे. सुरुवातीला ठीक, पण दोनेक मिनिटांनी आलेख झटके देतो आणि सेन्सरच्या मागे पडत जातो. शेवटचे 10 सेकंद सलग सरकताना दिसायला हवेत. काय चुकतंय?

उत्तर 1
प्लॉट दर वेळी नवी रेषा तयार करतो, जुनी पुसत नाही. शिवाय प्रत्येक रीडिंगला अख्खी आकृती नव्याने काढली जाते. जुन्या रेषा साठतील तसा हा वेळ वाढतो, तोवर न वाचलेली रीडिंग बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) पडून राहतात.

रेषा एकदाच तयार करा, पुढे फक्त सेट_डेटाने तिचे बिंदू बदला. साठवायला डेक (भरल्यावर जुनं आपोआप टाकणारी यादी) घ्या, मॅक्सलेन म्हणजे कमाल लांबी 2000. पोर्ट वाचायला वेगळा थ्रेड (प्रोग्रॅमचा समांतर चालणारा भाग) ठेवा. त्याने रीडिंग क्यूमध्ये (रांगेत) टाकायचं, आलेखाला हात लावायचा नाही. चित्र मुख्य थ्रेडमध्ये, दर 33 मिलिसेकंदांनी. त्या वेळी क्यू पूर्ण रिकामी करा. फ्रेममागे (एका चित्रामागे) एकच रीडिंग उचललंत, तर 200 पैकी 30 निघतील आणि दर सेकंदाला 170 साचत राहतील.

उत्तर 2
वरचं केल्यावर फंकअॅनिमेशन (ठरावीक वेळाने अपडेट फंक्शन चालवणारं मॅटप्लॉटलिबचं साधन) लावा: इंटरव्हल 33, ब्लिट (फक्त बदललेला भाग काढणं) ट्रू, कॅश_फ्रेम_डेटा (जुन्या फ्रेमचा डेटा साठवणं) फॉल्स. अपडेट फंक्शनने रेषा टपलमध्ये (पायथनमधली न बदलणारी यादी) परत द्यायची, म्हणजे शेवटचा स्वल्पविराम विसरू नका. अॅनिमेशन व्हेरिएबलमध्ये धरून ठेवा, नाहीतर गार्बेज कलेक्शनमध्ये (पायथनच्या मेमरी-सफाईत) जातं आणि आलेख गप्प बसतो.

ब्लिटमध्ये अक्षावरचे आकडे पुन्हा काढले जात नाहीत. म्हणून एक्स अक्ष सरकवूच नका: −10 ते 0 कायम ठेवा आणि प्रत्येक बिंदूची वेळ वजा 'आत्ता' काढा. वाय अक्षाला दर फ्रेमला ऑटोस्केल अजिबात नको, डोळ्यांना फार त्रास होतो. रेषा मर्यादेबाहेर गेली तरच 20 टक्के जागा सोडून मर्यादा बदला आणि त्याच फंक्शनमध्ये एकदा कॅनव्हास.ड्रॉ करा.

प्रश्नकर्ता
मागे पडणं थांबलं, आभार. पण रेषा अजून बारीक उड्या मारत सरकते. फ्रेमचा वेळ मोजला, 33 च्या आसपासच आहे.

उत्तर 1
मग दोष चित्र काढण्यात नाही, वेळेच्या नोंदीत आहे. रीडिंग हातात आलं ती वेळ लावत असाल. ऑपरेटिंग सिस्टिम बाइट्स गठ्ठ्याने देते, त्यामुळे पाच रीडिंगना जवळजवळ एकच वेळ लागते आणि पुढे मोकळी फट. रीडिंगचा क्रमांक भागिले 200 ही वेळ धरा. क्रमांक उपकरणाकडूनच पाठवा, म्हणजे गळालेलं रीडिंगही कळेल. उपकरण आणि संगणक या दोन्हींच्या घड्याळांत थोडा फरक पडत जातो; तो हळूहळू भरून काढा, एकदम नको.

'आत्ता' मात्र शेवटच्या रीडिंगवरून घेऊ नका. पर्फ_काउंटर (पायथनचं अचूक घड्याळ) घ्या आणि 100 मिलिसेकंद मागे राहा. गठ्ठा उशिरा आला तरी उजव्या कडेला रेषा तुटणार नाही. उड्या थांबवण्यात माझ्या मते सगळ्यात मोठा वाटा याचाच आहे.

उत्तर 3
आठ-दहा चॅनेल झाले की पायक्यूटीग्राफकडे (क्यूटी या चित्र काढणाऱ्या लायब्ररीवर चालणारी, वेगवान आलेखांची पायथन लायब्ररी) वळा. सेटडेटा, 16 मिलिसेकंदांचा क्यूटाइमर (क्यूटीचा टायमर), पेनची जाडी 1. जाड पेनने क्यूटी फार मंदावतं. डाउनसॅम्पलिंग (काढायचे बिंदू कमी करणं) 'पीक' मोडमध्येच, म्हणजे उंच-खोल टोकं राखून, ठेवा. प्रत्येक दहावा बिंदू उचलण्याची पद्धत एका रीडिंगपुरता आलेला उंच काटा सरळ गिळून टाकते.