अडीच फुटी टाकीत एंजल, निऑन, टायगर बार्ब एकत्र : कोणाला ठेवू, कोणाला परत करू?

कासपठार :
नमस्कार मंडळी. दिवाळीत लेकीसाठी माशांची टाकी आणली. अडीच फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच. रेती आणि वरची चार बोटं रिकामी जागा सोडली तर ६०-६५ लिटर पाणी बसतं. दुकानदार म्हणाला, हे सगळे एकत्र राहतात, म्हणून हे घेतले : २ एंजल (तेव्हा दहाच्या नाण्याएवढे), ६ निऑन टेट्रा, ४ टायगर बार्ब, २ गोल्डफिश आणि काच साफ करायला १ सकर. टाकी भरली त्याच संध्याकाळी सगळे सोडले.

पहिला गोल्डफिश पाचव्या दिवशी गेला, दुसरा बाराव्या. एंजलच्या पोटाखाली दोन लांब दोरे असतात ना, ते आखूड होत गेले. एकाचे तर आता जवळजवळ उरलेच नाहीत. निऑन सहाचे चार झाले आणि मेलेला मासा कुठेच सापडला नाही. लेक शाळेतून आली की दप्तर पाठीवर असतानाच आधी मासे मोजते. परवा चारच भरले तेव्हा बॅटरी घेऊन कपाटाखाली शोधत बसली. मला ते बघवलं नाही.

आम्ही साताऱ्यात राहतो. नळाला कास तलावाचं पाणी येतं, पण नळ आला नाही की सोसायटी बोअरचं सोडते. कोणते मासे परत करू आणि त्यांच्या जागी काय आणू? तिचा या माशांवर जीव आहे, आणखी मेलेले नकोत.

पंचगंगा :
ताई, कपाटाखाली शोधू नका. ते दोन निऑन एंजलने खाल्ले.

२००९ साली माझ्याकडे हेच झालं. १० निऑन, २ एंजल, सहा महिने गुण्यागोविंदाने राहिले. एका पहाटे टाकीचा दिवा लावला तर एंजलच्या तोंडातून लाल शेपटी बाहेर दिसत होती. निऑनचा रंग रात्री उतरतो, निळा पट्टा पार राखाडी होतो आणि उजेड झाला की हळूहळू परत चढतो. बाकीचे नऊ तसेच फिक्या अंगाने झाडांच्या मुळाशी चिकटून होते. रंग चढायच्या आत त्यांची शिकार होते, हे मला तेव्हा कळलं. एंजल कितीही संथ पोहला तरी तो सिक्लिड नावाच्या माशांच्या कुळातला आहे. तोंडात मावेल ते तो खातो. शिवाय तो पंखांसकट २० सेंमी उंच होऊ शकतो, आणि तुमच्या टाकीत रेतीच्या वर पाणी फूटभरसुद्धा नाही. एंजल परत करा, त्यांच्याही भल्यासाठी.

दोरे तोडले ते टायगर बार्बने. तो कळपातला मासा, आपसात पाठलाग करून त्यांच्यात वरचा-खालचा ठरतो. आठ-दहा असले की ही झटापट आपसातच राहते. चारच असले की सगळा जोर लांब पंखवाल्यावर निघतो : एंजल, गप्पी, फायटर. ठेवायचेच असतील तर टाकी फक्त त्यांची करा. ८ टायगर बार्ब, दुसरं काही नाही, तीसुद्धा फार देखणी टाकी होते. पण मग निऑन त्यांच्यात नकोत. तुमच्या लेकीला काय जास्त आवडतं ते तिलाच विचारा.

गोल्डफिश गेले ते कोऱ्या पाण्यामुळे. माशांच्या कल्ल्यांतून अमोनिया सुटतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग त्यामानाने निरुपद्रवी नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर बसायला ४ ते ६ आठवडे लागतात. तुमच्या टाकीत ते नव्हते, आणि सगळ्यात जास्त घाण गोल्डफिशच करतो. त्याला मानवतं ते थंड पाणी, निऑनला हवं २४-२६ अंश. एका टाकीत दोघं सुखी राहत नाहीत. दुकानदाराने सांगितलं तेच ऐकून तुम्ही आणलंत, त्यात तुमची काही चूक नाही. फक्त यापुढे स्पंज नळाखाली कधी धुऊ नका, क्लोरीनने जिवाणू मरतात. टाकीतून काढलेल्या पाण्याच्या बादलीतच तो पिळून घ्या.

सकर लहानपणी शेवाळ खातो खरा, पण वाढून फूटभराच्या वर जातो. तोही परत करा. दुकानदार घेईना तर मोठी टाकी असलेला कोणीतरी शोधा, पण वेण्णेत किंवा कृष्णेत अजिबात सोडू नका. मूळचा दक्षिण अमेरिकेतला हा मासा आपल्याकडच्या पाण्यात पसरलाय आणि त्याच्या काट्यांनी मच्छीमारांची जाळी फाटतात.

आता पाणी, कारण मासे खरे त्यावरून निवडायचे. कासचं पाणी पठारावरच्या पावसाचं, मऊ. बोअरचं जड, त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम. साबणाला फेस येत नाही, बादलीला पांढरा थर धरतो, यावरून ओळखू येईल. निऑनला मऊ पाणी लागतं, गप्पी-मोली-प्लॅटीला जड मानवतं. आज हे, उद्या ते असं पाणी मात्र कोणालाच सोसत नाही.

शेवाळ :
एंजलबाबत थोडं वेगळं सांगते. माझ्याकडे ४ फुटी, २० इंच उंच टाकीत एंजल आणि निऑन तीन वर्षं एकत्र आहेत. निऑन पूर्ण वाढलेले, १५ आणले, आणि एंजल त्यांच्यात पिल्लू असताना सोडले. पण अडीच फुटीत मीही हे करणार नाही, तिथे पळायला जागाच नसते.

साताऱ्याची थंडी बघता ५० वॉटचा तरी हीटर घ्याच. पहाटे पाणी १८-१९ ला उतरलं तर झेब्रा डॅनियो तग धरेल, तो आपल्या गंगेच्या खोऱ्यातला काटक मासा. निऑनला ते जड जाईल.

कासपठार :
दोघांचेही मनापासून आभार. काल एंजल, टायगर बार्ब आणि सकर परत देऊन आले. दुकानदाराने अर्धेच पैसे दिले, असू दे. निघताना लेकीने एंजलच्या पिशवीला हात लावून "तुला मोठं घर मिळू दे" म्हटलं. तिने निऑनच निवडले. हीटर २५ वर लावलाय. घरात साबणाला छान फेस येतो, बोअरचं पाणी आलं की येत नाही, हे आता माझ्याही लक्षात आलं. चारच निऑन आहेत, ते दिवसभर झाडामागे लपून बसतात. पुढे काय आणू?

पंचगंगा :
लपतात कारण चारच आहेत. दहा झाले की मधोमध पोहतील. पण लगेच आणू नका. अमोनिया आणि नायट्राइट तपासायचे थेंब मिळतात, दोन्ही शून्य आले की ६ निऑन आणा. मग दोन आठवडे थांबून ६ कोरी (मिशांचे छोटे मासे), ते तळाला फिरतात आणि निऑनच्या वाटेला जात नाहीत. शेवटी वरच्या थरात हनी गुरामीची एक जोडी. बस, तुमची टाकी भरली.

कासचं पाणी आलं की एक पिंप भरून झाकून ठेवा, क्लोरीन घालवणारं औषध घाला, आणि दर रविवारी १५ लिटर त्यातलंच बदला. बोअरच्या दिवशी पाणी बदलूच नका, एखादा आठवडा चुकला तरी चालेल.

आणि कोरी घेताना लेकीला सोबत न्या. प्रत्येकाच्या मिशा शाबूत आहेत का ते तिला काचेला नाक लावून बघू दे. तुमच्या टाकीतली रेती टोचरी असेल तर त्याआधी बदला, बारीक गोल नदीची घ्या, नाहीतर त्या मिशा झिजून जातात.