मदत हवी आहे : प्रौढांना ऑनलाइन कोरकू कशी शिकवावी?

मेळघाटात नव्याने रुजू झालेले शिक्षक, परिचारिका आणि वनरक्षक अशा चौदा जणांना आम्ही आठवड्यातून दोनदा रात्री गूगल मीटवर प्राथमिक कोरकू, म्हणजे तिथल्या कोरकू आदिवासींची भाषा, शिकवतो. कोरकू मराठीहून वेगळ्या अशा मुंडा भाषाकुळातील असली, तरी ‘आपण’ आणि ‘आम्ही’ हा भेद तिच्यातही असल्याने मराठी भाषकांना तो चटकन उमगतो. अडते ते द्विवचनापाशी, कारण ‘आपण दोघे’ आणि ‘आम्ही दोघे’ यांसाठी तिथे स्वतंत्र सर्वनामे आहेत. (संस्कृत शिकलेलेही इथे गडबडतात!) उच्चार सांगणाऱ्या आजींच्या गावात रेंज तुटते, आणि विद्यार्थी माइक बंद ठेवून सारे वहीत उतरवतात, पण बोलायची वेळ आली की गप्प बसतात. त्यांना बोलते कसे करावे, आणि आजींचे ध्वनिमुद्रण आधीच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणे योग्य ठरेल का, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.