अनुभव धागा: सामन्याचा व्हिडिओ पाठवताना कुठली सेटिंग ठेवता?

खाडीकाठ
येत्या शिमग्याला आमचं मंडळ मोठ्या पडद्यावर जुने सामने दाखवणार आहे. काल रात्री २०१३चा कबड्डीचा अंतिम सामना शोधून काढला. दादाची शेवटची चढाई त्यात आहे. दादा आता नाही. मूळ फाईल मी तेव्हाच उडवली, फोनमध्ये जागा नव्हती. राहिलीय ती व्हॉट्सअ‍ॅपवरून चार जणांकडे फिरून परत आलेली. लाल मातीत त्याचा पाय कुठे संपतो आणि बोनस रेषा कुठे सुरू होते, काही कळत नाही. पंचांनी बोनस दिला होता. मला तो पाय बघायचा होता.

आता पुतण्या खेळतो. त्याच्या बाबतीत हे व्हायला नको. तुम्ही एडिट करून फाईल काढताना (एक्स्पोर्ट करताना) काय ठेवता, काय चुकलं, सगळं लिहा.

गुहागरची_लेक
वाचून डोळे भरले हो दादा. आमचे हे जहाजावर, लेक शाळेच्या संघात. तिकडे नेट कसं असतं ते विचारू नका. अख्खा सामना पाठवायचा नाही, हे मी ठरवूनच टाकलंय. फक्त तिच्या चढाया कापायच्या, ७२०पी म्हणजे चित्राच्या ७२० ओळी, बिटरेट २ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला २ मेगाबिट माहिती. तीस सेकंदांची चढाई साडेसात एमबीत बसते. ते जेवायच्या सुट्टीत उतरवून घेतात. मूळ सामना पेनड्राइव्हवर, कपाटात. कुकर लावलाय, नंतर येते.

चिपळूणचा_स्टुडिओ
लग्नांसोबत सामनेही करतो, म्हणून जरा सविस्तर. ज्या फ्रेमरेटने (सेकंदाला जितक्या फ्रेम, म्हणजे चित्रं) शूट केलं त्याच फ्रेमरेटने काढा. ३०चं ६० केलंत तर अ‍ॅप एकतर तीच फ्रेम दोनदा लावतं नाहीतर मधली फ्रेम अंदाजाने बनवतं, आणि पकडीत हातच पुसट होतात. ६० हवे असतील तर शूट करतानाच ६०वर ठेवा.

यूट्यूबचं स्वतःचं मार्गदर्शन आहे: १०८०पी ३० फ्रेमला ८ एमबीपीएस, ६० फ्रेमला १२. म्हणजे १२ला मिनिटाला ९० एमबी, ४० मिनिटांच्या सामन्याला ३.६ जीबी. ही फाईल व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणूनही जाणार नाही, तिथे मर्यादा २ जीबीची. दोन डाव वेगळे करा, प्रत्येकी १.८. आणि डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा, गॅलरीतून व्हिडिओ म्हणून पाठवलात की ते पुन्हा दाबून लहान करतं.

रात्रीच्या सामन्यात पट्टे दिसतात का? आपली वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा. ते शूटिंगलाच करायचं, नंतर एक्स्पोर्टमध्ये निघत नाही.

तारकर्लीकर
माका तर पाण्याचोच त्रास. चिवल्याच्या किनाऱ्यावर समुद्रातली पोहण्याची स्पर्धा असते ना, भाचा उतरला होता. कबड्डीला जे बिटरेट चालायचं तेच ठेवलं, तर पाण्याचे चौकोन चौकोन, पोरांची डोकी त्यात गायब. नंतर कळलं. मैदान एका जागी असतं, फक्त खेळाडू हलतात, म्हणून ते थोडक्यात भागतं. लाटेत सगळंच हलतं, प्रत्येक फ्रेमला नवीन माहिती लागते. दीडपट केलं तेव्हा कुठे टोप्यांचे रंग ओळखता आले. मामी म्हणते, तोच काय, तोच काय, आणि तो दुसराच निघतो.

फणसाचे_गरे
@खाडीकाठ तुमची वाडी खाडीच्या अलीकडची का पलीकडची? आमचे मामा त्या बाजूला खेळायचे, डावा कोपरा. पायावर पकड अशी, की सुटणं नाही.

खाडीकाठ
पलीकडची. डावा कोपरा म्हणजे बुटके, जाड मिशीवाले का? दादा त्यांचं नाव घेऊन हसायचा. दोनदा पडला होता त्यांच्या हातून.

फणसाचे_गरे
तेच!! आज फोन करते मामांना.

अलिबागचा_वारा
बैलगाड्यांची शर्यत, किनाऱ्यावरची. डिसेंबर २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाची परवानगी आली आणि आजोबांनी पुन्हा गाडी काढली. जागा वाचते म्हणून मी एच.२६५मध्ये (व्हिडिओ दाबायची नवी पद्धत) काढून गावभर पाठवलं. निम्म्या लोकांच्या जुन्या फोनवर नुसता आवाज, चित्र काळं. आजोबांच्या फोनवरही. किती वाईट वाटलं. तेव्हापासून वाटायची फाईल एमपी४, चित्र जुन्या एच.२६४ पद्धतीत, आवाज एएसीत. घरी ठेवायची काहीही असू दे.

रोह्याचा_अष्टपैलू
टेनिस बॉल क्रिकेट. १०८०पीची फाईल १४४०पी करून यूट्यूबवर चढवतो. तपशील वाढत नाही, पण यूट्यूब मोठ्या फाईलला जरा बऱ्या पद्धतीने दाबतं, गवताचा चिखल होत नाही. फाईल जड होते, रात्री लावून झोपायचं. परवा लाईट गेली, ८०% वरून परत शून्य.

गुहागरची_लेक
आमच्याकडे आत्ताच गेली. इन्व्हर्टरवर लिहितेय. डाळ झाली एकदाची.

दापोली_दुपार
कोणाचा आवाज पुढे जातो का? माझ्यात समालोचक आधी ओरडतो, पकड नंतर. सुरुवातीला नाही, शेवटी शेवटी वाढतं.

चिपळूणचा_स्टुडिओ
फोन फ्रेमरेट स्थिर ठेवत नाही, उजेड कमी झाला की उतरवतो. हँडब्रेक नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात कॉन्स्टंट (स्थिर) फ्रेमरेट करून घ्या आणि मग एडिटला बसा.

@खाडीकाठ, २०१३ला तुमच्याकडे कोणी हँडीकॅमवाला नव्हता का? तेव्हा गावोगाव टेप चालायच्या.

खाडीकाठ
वहिनीचा भाऊ आणायचा कॅमेरा! आत्ता विचारलं. कॅसेट आहे म्हणतो, पत्र्याच्या पेटीत. कॅमेरा बंद पडलाय.

चिपळूणचा_स्टुडिओ
मिनीडीव्ही (छोटी डिजिटल कॅसेट) असेल तर माझ्याकडे चालू कॅमेरा आहे. तासाची कॅसेट साधारण १३ जीबी होते, ती तशीच राहू द्यायची. त्यातून दाखवायची प्रत वेगळी. टेपमध्ये २५ फ्रेम असतात, पण प्रत्येक फ्रेमच्या अर्ध्या ओळी आधी आणि अर्ध्या नंतर टिपलेल्या, म्हणून धावताना पायाला कंगव्यासारखे दाते दिसतात. ते सोडवून ५० फ्रेम करून देतो. बोनसला पाय उचललेला अर्ध्या अर्ध्या फ्रेमने बघता येईल.

एक करा, पेटी उघडली की कॅसेटीवर पांढरी बुरशी आहे का बघा. असेल तर कुठल्याही यंत्रात घालू नका, उन्हात तर अजिबात नको. तशीच घेऊन या.

खाडीकाठ
रविवारी पहिल्या एसटीने निघतो.

फणसाचे_गरे
मामा विचारतायत, त्या सामन्यात ते पण होते का.